चॅसिस नंबर कुठे शोधायचा आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी गाडी घेतली, सोबत माहितीपुस्तिका मिळाली नाही. नोंदणीपत्रावर लिहिलेला चॅसिस नंबर गाडीवर कुठेच सापडत नाही. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर अर्धा पुसला गेला आहे. टायरवर ४४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असं कोरलेलं दिसतं, हवा भरणारा मात्र न विचारता चारही चाकांत ३५ भरतो, आणि डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा मधूनच लागतो. यातलं खरं काय मानायचं?

जुन्या गाड्या विकत घेण्याआधी तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि हे दोन प्रश्न जवळजवळ नेहमी जोडीनेच येतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीने गाडीवर जे लिहून ठेवलंय, तेच प्रमाण माना. टायरवरचा आकडा टायर कंपनीचा आहे. तो टायर कोणत्या गाडीखाली जाणार हे तिला ठाऊक नसतं. ३५ हा आकडा हवा भरणाऱ्याच्या हाताच्या सवयीचा आहे. तुमच्या गाडीचं वजन किती, ते पुढच्या-मागच्या चाकांवर कसं विभागलं जातं आणि कारखान्यातून कोणत्या मापाचे टायर बसवून आले, हे सगळं धरून ठरवलेला आकडा फक्त गाडीच्या स्टिकरवर असतो. तो पुसला गेला असेल तर आकडा परत मिळवायला चॅसिस नंबर लागतो. म्हणून आधी नंबर शोधू.

ज्याला आपण बोलताना चॅसिस नंबर म्हणतो तो हल्लीच्या गाड्यांत १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असतो. तो एकाच जागी नसतो, आणि हीच तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. पहिल्यांदा गाडीच्या बाहेर उभे राहा आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून डॅशबोर्डच्या कडेकडे पाहा. पुष्कळ गाड्यांत तिथे एक बारीक पट्टी असते. धुळीमुळे किंवा काचेवर लावलेल्या स्टिकरमुळे ती झाकली जाते. मग चालकाचं दार उघडा आणि दार जिथे बंद होतं त्या मधल्या खांबावर, वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. तिथे स्टिकर किंवा रिव्हेट केलेली पातळ पट्टी मिळते. काही गाड्यांत ती शेजारच्या दाराकडे असते, म्हणून एका बाजूला नाही मिळाली तर लगेच हताश होऊ नका.

पण पट्टी आणि स्टिकर निघू शकतात, बदलता येतात. खरा नंबर तो, जो गाडीच्या पत्र्यात ठोकलेला असतो. तुम्हाला सापडत नाही तो बहुधा हाच, कारण तो झाकलेला असतो. बऱ्याच मोटारींत पुढच्या सीटखाली गालिच्याला एक कापलेली झडप असते, ती उचलली की पत्र्यावर नंबर दिसतो. सीट पूर्ण मागे सरकवा, टॉर्च घ्या आणि झडपेची कड बोटाने चाचपून पाहा. नंतर कोणी जाड मॅट किंवा नवं फ्लोअरिंग घातलं असेल तर झडप त्याखाली दडपली जाते. तिथे नसेल तर बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आडव्या पत्र्यावर, किंवा पुढचा शॉकअब्सॉर्बर जिथे वर येऊन बसतो त्या उंचवट्यावर पाहा. काही गाड्यांत डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याजवळ असतो. पिकअप आणि मोठ्या जीपसारख्या, वेगळी चॅसिस असलेल्या गाड्यांत तो चॅसिसच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागेपुढे ठोकलेला असतो. तिथे चिखल आणि गंज बसतो, त्यामुळे चाक पूर्ण वळवून, ओल्या फडक्याने पुसून मगच नंबर दिसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: नंबर दिसत नाही म्हणून सँडपेपर किंवा तारेचा ब्रश घेऊन घासू नका. ठोकलेला नंबर फार खोल नसतो. घासलेल्या जागेकडे पुढचा प्रत्येक तपासणारा संशयाने बघेल आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. मऊ फडक्याला थोडं रॉकेल किंवा ग्रीस काढायचं द्रावण लावा, जागा कोरडी करा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका मारा. सावलीमुळे अंक उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद त्यावर घट्ट धरून पेन्सिलचं शिसं आडवं घासा. डोळ्यांना न दिसणारा नंबर कागदावर छान उमटतो. शिवाय कागदपत्रांसोबत ठेवायला तो ठसाही हाताशी राहतो.

आता वाचताना होणारे गोंधळ. व्हीआयएनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत असा नियम आहे, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे गोल दिसलं की शून्यच लिहायचं आणि उभी रेघ दिसली की एकच. खरी गफलत आठ आणि बी, पाच आणि एस, दोन आणि झेड यांत होते. मोजून १७ भरले नाहीत तर तुम्ही एखादा अंक गाळला आहे किंवा भलताच नंबर वाचताय. भलता नंबर म्हणजे बहुतेक वेळा इंजिन नंबर. तो इंजिनच्या ब्लॉकवर असतो, त्याची लांबी आणि धाटणी वेगळी असते आणि इंजिन बदललं की तोही बदलतो. १९८० च्या आधीच्या गाडीत मात्र १७ ची अपेक्षा धरू नका. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून ते सक्तीचं झालं, त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लहानमोठे नंबर ठोकत असे.

पहिली तीन अक्षरं कंपनी आणि तिचा प्रदेश सांगतात. जे ने सुरू होणारा नंबर जपानचा, डब्ल्यू जर्मनीचा, एल चीनचा. एमए ते एमई या जोड्या भारताच्या वाट्याला आहेत. चौथ्यापासून नवव्यापर्यंत गाडीचा प्रकार, बॉडी, इंजिन वगैरे कंपनीच्या स्वतःच्या खुणेत असतं. पुढची आठ अक्षरं त्या एका गाडीची ओळख असतात आणि त्यातले शेवटचे चार नेहमी अंकच असतात. दहाव्या जागी अनेक कंपन्या मॉडेलचं वर्ष लिहितात: २०१० ला ए, मग क्रमाने पुढे, २०१८ ला जे, २०२० ला एल, २०२३ ला पी, २०२४ ला आर. मध्ये आय, ओ आणि क्यू गाळल्यामुळे बोटांवर मोजताना लोक चुकतात. पण सगळ्याच कंपन्या हे पाळत नाहीत आणि मॉडेलचं वर्ष म्हणजे गाडी बनल्याचं वर्ष असंही नेहमी नसतं. म्हणून केवळ दहाव्या अक्षरावरून विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

त्याच जातीची दुसरी घाईही टाळा. इंटरनेटवरच्या तपासणी साधनात नंबर टाकला आणि त्याने तो अवैध ठरवला, की लोक घाबरतात. उत्तर अमेरिकेत नवव्या जागेवर बाकीच्या अक्षरांवरून हिशेबाने काढलेला पडताळा-अंक ठेवणं बंधनकारक आहे. इतर अनेक ठिकाणी तसं बंधन नाही. साधन तो हिशेब सगळ्याच गाड्यांना लावत असेल, तर अगदी अस्सल नंबरही त्यात नापास होतो.

घाबरण्यासारखं काय, ते वेगळं आहे. पत्र्यात ठोकलेला नंबर, पट्टीवरचा नंबर आणि नोंदणीपत्रावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. ठोकलेल्या अंकांची खोली कमीजास्त आहे, रांग वाकडी आहे, आजूबाजूच्या पत्र्यावर घासल्याच्या रेघा आहेत, तेवढ्याच भागाचा रंग जाड किंवा ताजा आहे, चौकोनी तुकड्याभोवती वेल्डिंगची शिवण जाणवते, पट्टीचे रिव्हेट एकमेकांसारखे नाहीत, यातलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नका. व्यवहार झाला असेल तरी नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाऊन रीतसर तपासणी मागा. स्कॅनर लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधूनही व्हीआयएन वाचता येतो. तो वेगळा निघाला तर मात्र लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नका. जुन्या गाडीतून काढलेला कॉम्प्युटर दुरुस्तीत बसवला असेल, तर आधीच्या गाडीचा नंबर त्यात राहून जातो. पत्रा आणि कागद काय म्हणतात ते वजनदार.

नंबर मिळाला आणि जुळला की हवेकडे वळू. व्हीआयएनमध्ये हवेचा आकडा लपलेला नसतो. पण एकाच नावाच्या गाडीचे तीन-चार प्रकार असतात, कोणाला १४ इंची रिम, कोणाला १६, कोणी डिझेल म्हणून पुढे जड. त्यातली तुमची नेमकी कोणती, हे कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नंबरावरून सांगू शकतं आणि त्या प्रकाराचं टायरचं माप आणि हवेचा दाबही देऊ शकतं. तिकडे जाण्याआधी गाडीवरच्या बाकीच्या जागा पाहून घ्या: इंधनाच्या टाकीच्या झाकणाची आतली बाजू आणि डॅशबोर्डमधल्या ग्लोव्ह बॉक्सचं दार. बऱ्याच कंपन्या माहितीपुस्तिका आपल्या संकेतस्थळावरही ठेवतात.

स्टिकरवर टायरचं माप आणि पुढचा व मागचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. अनेकदा दोन ओळी असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांचा आकडा चांगलाच वर गेलेला दिसेल, कारण डिकीतलं सामान आणि मागची माणसं मागच्या चाकांवर भार टाकतात. ३५ सगळीकडे भरणारा नेमका हाच फरक पुसून टाकतो. एककं तीन भेटतील. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल आणि साधारण १४.५ पीएसआय, स्टिकरवर २२० किलोपास्कल असेल तर ते २.२ बार किंवा ३२ पीएसआय झाले.

तुमच्या टायरवरचा ४४ हा त्या टायरने सहन करायचा कमाल दाब आहे. कमाल म्हणजे त्यापुढे जाऊ नये अशी हद्द, रोज तिथपर्यंत भरायचं असं त्यात काही नाही. तेवढी हवा भरली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि खड्ड्याचा मार सरळ रिमला बसतो. मधला भाग झिजलेला आणि दोन्ही कडा शाबूत असलेला टायर दिसला की समजावं, याच्यात वर्षभर जास्त हवा होती. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर उलट.

कमी हवा जास्त धोक्याची. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. ती कमी पडली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि भरलेली गाडी मोठ्या वेगाने तासभर पळाली की आतले थर सुटायला लागतात. बाहेरून हे काही दिसत नाही. म्हणूनच पार बसलेल्या टायरवर काही अंतर गाडी चालवली गेली असेल तर नुसती हवा भरून पुढे निघू नका. टायर रिमवरून उतरवून आतून पाहायला सांगा. आत रबराचा भुगा किंवा बाजूच्या भिंतीवर गोल घासल्याची खूण दिसली तर तो टायर गेला.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि सगळी गडबड इथेच होते. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा एखाद-दीड किलोमीटरच्या पुढे चाललेली नाही. टायर चालून गरम झाला की दाब चार-पाच पीएसआयने सहज चढतो. हवामानही खेळतं: तापमान १० अंश सेल्सियसने उतरलं तर दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. थंडी सुरू होताच सकाळी टायरचा दिवा लागतो आणि दुपारी विझतो, त्याचं कारण हेच. एका बाजूला ऊन खात उभ्या असलेल्या गाडीची त्या बाजूची चाकंसुद्धा जास्त दाखवतात, म्हणून सूर्य चढायच्या आधी मोजणं चांगलं.

गरम टायरमधून जास्त दिसते म्हणून हवा कधीही सोडू नका. प्रवासात थांबून ३३ च्या जागी ३७ दिसले आणि चार सोडले, तर थंड झाल्यावर टायर २९ वर येऊन बसतो.

पण हवा भरायची सोय घरापासून लांब असेल तर थंड टायर आणायचा कुठून? यासाठी मी सगळ्यांना एकच रीत सांगतो. हवेचा दाब मोजायचा स्वतःचा एक छोटा गेज घ्या. सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकं मोजा आणि किती कमी आहे ते चाकागणिक लिहून ठेवा. समजा स्टिकर ३३ म्हणतो आणि पुढचं डावं चाक २८ दाखवतं. म्हणजे तूट पाचची. पंपावर पोहोचेपर्यंत ते चाक गरम होऊन ३१ दाखवेल. तिथे ३३ पर्यंतच भरलं तर तीनची तूट राहीलच. तिथल्या ३१ मध्ये तुमची पाचची तूट मिळवा आणि ३६ भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा, ३३ च्या आसपासच मिळेल. या हिशेबात आणखी एक सोय आहे: पंपावरचा गेज एक-दोनने खोटा असला तरी चालतं, कारण तुम्ही त्याच गेजवरचा फरक भरता.

मोजताना डस्ट कॅप खिशात ठेवा, जमिनीवर ठेवली की हरवते. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि एका झटक्यात दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर गेज तिरका बसला आहे आणि आकडा कमी दिसेल. दोनदा मोजा, दोन्ही वेळा सारखं आलं तर लिहा. कॅप परत लावाच. व्हॉल्व्हची पिन धुळीने अडकली की तिथूनच हवा झिरपायला लागते.

धडधाकट टायरही रबरातून महिन्याला साधारण एक पीएसआय सोडतो, त्यामुळे महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी मोजणं भाग आहे. नुसतं बघून किंवा लाथ मारून हल्लीच्या रुंद टायरची हवा कळत नाही. २४ आणि ३२ मधला फरक अनुभवी डोळ्यालाही फसवतो. चारपैकी एकच चाक दर वेळी जास्त उतरत असेल तर तिथे गळती आहे. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि बुडाशी लावा, मग रिमच्या कडेला, मग टायरच्या पृष्ठभागावर. रबरी व्हॉल्व्ह वाकवून पाहा. बुडाशी भेगा दिसल्या तर तो लगेच बदला. नवा टायर घालताना व्हॉल्व्हही नवाच घ्यावा.

नायट्रोजनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरून महिन्याची तपासणी टळत नाही आणि त्यात साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही.

आता पिवळा दिवा. गाडी चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो का, हे आधी पाहा. तसं होत असेल तर हवेऐवजी यंत्रणेतच बिघाड असण्याची शक्यता जास्त. चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते, किंवा टायर बदलताना सेन्सर तुटलेला असतो. लागताक्षणी स्थिर राहणारा दिवा म्हणजे हवा कमी. काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि म्हणून जास्त वेगाने फिरतं, हे एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून ओळखलं जातं. अशा गाडीत हवा भरल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते, पण आधी चारही चाकं थंड असताना स्टिकरप्रमाणे बरोबर करा. चुकीच्या हवेवर रीसेट केलंत तर ती चुकीच्याच हवेला बरोबर मानून बसेल. जुनी गाडी घेतलेल्यांत हे फार दिसतं. विकण्याआधी दिवा घालवण्यासाठी कोणीतरी नुसतं बटण दाबलेलं असतं.

आणि दिव्यावर विसंबून राहू नका. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ही यंत्रणा नव्या मोटारींत सक्तीची आहे, पण अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा ठरलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. ३३ च्या टायरला ती पंचविशीच्या आसपास येते. तोवर टायर कितीतरी दिवस वाकत, तापत चाललेला असतो.

हवा भरण्याआधी एक मात्र पडताळा: टायरवरचं माप स्टिकरवरच्या मापाशी जुळतं का? २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असेल. २०५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ५५ टक्के उंची, १६ इंची रिम. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत वेग. आधीच्या मालकाने दिसायला छान म्हणून मोठ्या रिम घातल्या असतील तर स्टिकरचा आकडा त्या टायरांना लागू नाही. भाराचा अंक मूळपेक्षा कमी असेल तर ते टायर काढाच. जास्त किंवा तेवढाच असेल तर त्या मापासाठीचा दाब टायर कंपनीकडून त्यांच्या भार-तक्त्यावरून घ्या. अंदाजाने दोन-चार वाढवून समाधान मानू नका.

तिथेच डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार अंक टायरचं वय सांगतात: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला ते चार अंक नसतील तर आतल्या बाजूला असतात. तीनच अंक असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी चालवू नका. खाच कितीही खोल दिसली तरी दहा वर्षं झालेला टायर बदला, असं अनेक उत्पादकही सांगतात.

स्टेपनी तपासायला विसरू नका, जुन्या गाडीत ती हमखास बसलेली निघते. पूर्ण मापाची असेल तर स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा तिच्यात ठेवा. पुढे लागली काय नि मागे लागली काय, वाटेत हवा सोडता येते, भरता येत नाही. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुतेक वेळा ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार लागतात आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. दोन्ही आकडे तिच्यावरच लिहिलेले असतात. आणि डिकीत स्टेपनीच्या जागी नुसता छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रावणाची बाटली निघाली, तर त्या बाटलीवरची मुदत बघा, ती उलटून गेलेली असेल तर नवी आणा.